आजीची दुसरी चिठ्ठी

आमच्या घरात सध्या एका वर्षावरून वाद चालू आहे. ते वर्ष अजून यायचे आहे, पण वाद आतापासूनच. मुलगी गोंदियाला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. राज्यशास्त्र हा तिचा मुख्य विषय. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांनी थांबले तर बी.ए. आणि चौथे वर्ष केले तर बी.ए. ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण पडले तर त्या चौथ्या वर्षात संशोधनाचे कामही करता येते. मुलीला ते करायचे आहे. त्यासाठी कदाचित नागपूर गाठावे लागेल. तिचे बाबा राईस मिलमध्ये पोती उचलतात. ते म्हणतात, "तीन वर्षं शिकवतो म्हटलं, शिकवतो. चौथं कशाला? राज्यशास्त्र शिकून नोकरी कोणती मिळते, ते मला कोणी तरी सांगा."

त्यांचे म्हणणे खोटे नाही. हे लिहिणाऱ्या आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. एक त्या मुलीची आई, दुसरी तिची मोठी माय. आम्ही दोघींनीही १९९३ ते १९९६ या काळात राज्यशास्त्र घेऊनच बी.ए. केले. आमच्यापैकी एकीलाही त्या विषयाने नोकरी दिली नाही. थोरली अंगणवाडीत आहे, त्या नेमणुकीला पदवी लागतच नव्हती. धाकटी घरी शिवणकाम करते. तेव्हा मुलीचे बाबा आमच्याकडे बघून तो प्रश्न विचारतात, त्या वेळी आम्ही दोघीही भाकरीकडे बघतो. जे त्यांच्यासमोर नीट सांगता आले नाही, ते इथे लिहून बघतो.

आमचे गाव तिरोड्याजवळ. तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा झाला तो पुढे, १ मे १९९९ रोजी. वडील हमाली करायचे. माय आणि आजी बिड्या वळायच्या आणि हातात कात्री धरता यायला लागली तशा आम्हीही वळायला बसलो. थोरली बारावी होऊन एक वर्ष घरी थांबली होती, तोवर धाकटीही बारावी झाली. दोघी पास. वडिलांनी बराच विचार केला आणि सांगितले की एकीनेच कॉलेजात जायचे, एक हात घरात पाहिजे. फीचा प्रश्न मोठा नव्हता, शिष्यवृत्ती होती. प्रश्न हाताचा होता. दोघी गोंदियाला गेल्या तर दिवसाच्या हजार बिड्या कोण वळणार?

थोरलीने एक वर्ष वाट पाहिली होती म्हणून कॉलेज तिच्या वाट्याला आले. धाकटीने बहिःशाल विद्यार्थिनी म्हणून फॉर्म भरला. विषय मात्र दोघींनी एकच घेतले, कारण पुस्तकांचा एकच संच परवडणार होता. राज्यशास्त्र का घेतले, असे कोणी विचारले तर खरे उत्तर हेच, की मराठीतून शिकता येत होते आणि त्याला प्रयोगशाळा लागत नव्हती. मोठे ध्येय वगैरे काही नव्हते.

थोरली सकाळच्या पॅसेंजरने तिरोडा, गंगाझरी, गोंदिया असा प्रवास करायची. महिन्याचा पास. संध्याकाळी परत आली की जेवण आटोपून सगळ्या जणी सूप मांडीवर घेऊन बसायच्या. पत्र्याच्या फर्म्यावर तेंदूपान ठेवायचे, कात्रीने कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, टोक मोडायचे, दोरा बांधायचा. एकीने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी वळायचे. तासाभराने पाळी बदलायची. असे तीन वर्षे चालले. धाकटीचे सगळे कॉलेज ते एवढेच.

ऐकणाऱ्यांत आजी होती. ती एक दिवसही शाळेत गेली नव्हती, पण तिच्यासमोर काही वाचले की ती सोडत नसे. ॲरिस्टॉटल वाचताना आम्हीच थबकलो. काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात, त्यांनी मालकाच्या हाताखाली राहण्यातच त्यांचे भले आहे, असे तो लिहून गेला. आम्ही एकमेकींकडे पाहिले. वर्गात ते वाक्य आले आणि गेले, कोणी काही बोलले नव्हते. आजी म्हणाली, "हा तिकडचा मनूच दिसते." २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली, ते तिला विहारातल्या भाषणांतून पाठ होते. पुढे रूसो आला. सगळ्या लोकांनी मिळून करार केला आणि त्यातून समाज, राज्य निर्माण झाले, असे आम्ही वाचत होतो. आजीने वळती बिडी थांबवून विचारले, "हा करार केला तवा आमाले कोनी बलावलं होतं का?" आम्ही हसलो. पण परीक्षेत सामाजिक कराराच्या सिद्धांतावर टीका लिहा, असा प्रश्न आला, तेव्हा पुस्तकातल्या टीकेच्या खाली आजीची टीका आम्ही आमच्या शब्दांत लिहून टाकली. दोघींनी वेगवेगळ्या केंद्रांवर तेच लिहिले, हे नंतर कळले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहितो आहोत ती. दुसऱ्या वर्षात भारतीय निवडणूक पद्धतीचा अभ्यास होता. त्यात द्विसदस्य मतदारसंघावर दोनच ओळी होत्या. पहिल्या निवडणुकांत काही मतदारसंघांतून दोन खासदार निवडले जात, एक खुल्या जागेवर आणि एक राखीव जागेवर, आणि १९६१ च्या कायद्याने ही पद्धत बंद झाली. थोरलीने वाचले आणि ती पुढच्या परिच्छेदावर गेली. आजी म्हणाली, "मागचं वाच." पुन्हा वाचले. आजीच्या हातातले पान तसेच राहिले. त्या रात्री ती काही बोलली नाही. तीन-चार दिवसांनी, माय बाजाराला गेलेली असताना, तिने आम्हाला जवळ बसवून सांगितले.

१९५४ चा उन्हाळा. भंडाऱ्याच्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीला बाबासाहेब उभे होते. तेंदूपानाचा हंगाम होता. आजी चोवीस-पंचवीस वर्षांची, कडेवर आमचे वडील. पहाटे पाने तोडून आली आणि बायांबरोबर चालत मतदानाला गेली. त्या वेळी शिक्का मारायचा नव्हता, बटण तर नव्हतेच. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराला कागद द्यायचे आणि त्याने पडद्याआड जाऊन हव्या त्या पेटीत टाकायचे. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे चिन्ह हत्ती. दोन जागा होत्या म्हणून प्रत्येकाच्या हातात दोन कागद.

"एक हत्तीच्या पेटीत टाकला," आजी म्हणाली. "दुसरा हातात रायला. भाहेर कोनी म्हनत होते, दुसरी चिठ्ठी कुजवा, कोनालेच देऊ नोका. कोनी म्हनत होते, बाबासाहेबाचा हुकूम हाय, दोनी टाका. मले समजे नाही. दुसऱ्याच्या पेटीत टाकला त हत्तीचा कटन, असं वाटलं. म्हनून लुगड्यात खोसला न् घरी आलो."

घरी आल्यावर कोणी तरी म्हणाले, मतदानाचा कागद घरी आणणे गुन्हा आहे, पोलीस येतील. तिने तो चुलीत घातला. काही दिवसांनी बातमी आली की बाबासाहेब पडले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी निवडून आले. पुढे दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आजी नागपूरला दीक्षेला गेली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ती चिठ्ठी आपण चुलीत घातली, हे तिने चाळीस वर्षांत कोणाला सांगितले नव्हते, आजोबांनाही नाही. आठ हजारांत एक मत आपले होते, असे ती धरून चालली होती. घरात बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती ती कधी स्वतः लावत नसे, मायला लावायला सांगे. त्याचे कारण आम्हाला त्या दिवशी कळले.

आम्ही विचारात पडलो. पुस्तकात दोन ओळी, त्यात उत्तर नव्हते. थोरलीने दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांना गाठले. सरांनी आजीबद्दल ऐकून घेतले आणि एका कागदावर चार चौकोन काढून नियम समजावला. दोन जागांच्या मतदारसंघात मतदाराला दोन मते असत, पण दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले तरी एकच मोजला जाई. मतमोजणीत राखीव जागेवर अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून यायचा, आणि मग उरलेल्यांत ज्याला सर्वांत जास्त मते तो खुल्या जागेवर.

रात्री आम्ही चार वाट्या मांडल्या. एक हत्तीची, एक बैलजोडीवाल्या बोरकरांची, दोन खुल्या जागेवरच्या उमेदवारांच्या. आजीच्या हातात तेंदूची दोन पाने दिली. एक हत्तीत टाक म्हटले, तिने टाकले. आता हे दुसरेही हत्तीत टाक म्हटले, तिने टाकले. आम्ही ते उचलून बाहेर ठेवले. हे मोजत नाहीत आजी, तसा कायदाच होता. तुझ्या हातातले दुसरे पान बाबासाहेबांच्या वाटीत कधी जाणारच नव्हते. ते चुलीत गेले काय, न् लुगड्यात राहिले काय, बाबासाहेबांचे एक मत होते ते तू दिलेस.

आजीने ते पान उचलले, उलटेसुलटे करून पाहिले. "मंग माही दुसरी चिठ्ठी बाबासाहेबाची नोहोती?"

नव्हती, आजी.

तिने आम्हाला तीनदा तेच मांडायला लावले. मग बराच वेळ नुसती बसून राहिली. आम्हाला वाटले, ती आता रडेल. ती रडली नाही. तिने विचारले, "मंग बाबासाहेब हारले कसे?"

वाचक भगिनींनो, आमच्या तीन वर्षांच्या शिक्षणात एवढा कठीण प्रश्न कुठल्याच प्रश्नपत्रिकेत आला नाही. राज्यघटना ज्यांनी लिहिली ते त्याच घटनेप्रमाणे झालेल्या निवडणुकीत दोनदा पडले. १९५२ ला मुंबईत काजरोळकरांकडून, १९५४ ला आमच्या जिल्ह्यात. राखीव जागा आपल्या माणसासाठी, मग आपला एवढा मोठा माणूस त्या जागेवर का येऊ शकला नाही? उत्तर शोधताना आम्हाला मागे मागे जावे लागले. जागा राखीव असली तरी मतदार सगळे. उमेदवार अनुसूचित जातीचा, पण त्याला निवडणार गावातली सगळी मते, आणि त्यात आपली मते थोडी. बाबासाहेबांनी नेमकी हीच अडचण ओळखून स्वतंत्र मतदारसंघ मागितला होता आणि १९३२ च्या ऑगस्टमध्ये तो मिळालाही होता. गांधीजींनी येरवड्यात उपोषण केले. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. प्रांतांच्या कायदेमंडळांतल्या ७१ जागांच्या १४८ झाल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ गेला. परीक्षेला पुणे करार आम्ही पाठ केला होता, कलमांसकट. पण तो करार आणि आजीची हत्तीची पेटी यांचा काही संबंध आहे, हे वाट्या मांडल्याशिवाय आमच्या ध्यानात आले नसते.

आजीला आम्ही सांगितले की आपल्या माणसांनी हत्तीत टाकले, दुसऱ्यांनी टाकले नाही. आपण थोडे होतो. खुल्या जागेवर अशोक मेहता निवडून आले. ते काँग्रेसचे नव्हते, प्रजासमाजवादी पक्षाचे होते. म्हणजे काँग्रेसच्या विरोधात मत द्यायला याच मतदारसंघातले लोक तयार होते. आजी म्हणाली, "म्हनजे दुसऱ्याले दिलं, पन बाबासाहेबाले नाही." आम्ही काय बोलणार? २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी आधीच सांगून ठेवले होते, की २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत. राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताला सारखी किंमत राहील, पण समाजात आणि पैशाअडक्यात विषमताच राहील. ते सांगितल्याला साडेचार वर्षे होत होती, तोच भंडाऱ्यात ते त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आले.

दुसऱ्या मताबद्दल आपल्या कार्यकर्त्यांत एक हकीकत सांगितली जाते, तीही इथे सांगितली पाहिजे. काही जणांनी बाबासाहेबांना सुचवले की आपल्या लोकांना दुसरे मत कुजवायला सांगावे, म्हणजे आपला फायदा होईल. त्यांनी नकार दिला. ज्याने घटनेत प्रत्येकाला मताचा अधिकार लिहिला, तोच लोकांना मत वाया घालवा कसे सांगणार, हा त्यांचा मुद्दा. त्या हिशेबाने आजीने त्यांचे ऐकले नाही, हे खरेच. आम्ही हे तिच्यापासून लपवले नाही. ती म्हणाली, "तेवढं माह्याकडून चुकलं, ते चुकलंच." पण त्या वर्षीच्या १४ एप्रिलला मेणबत्ती तिने स्वतः लावली.

आता थोडे कॉलेजविषयी. नाव घेत नाही, कारण त्या काळी बहुतेक ठिकाणी तेच होते. भारतीय राजकीय विचारवंतांच्या पेपरात बाबासाहेब अगदी शेवटी होते. कौटिल्य, राजा राममोहन रॉय, टिळक, गांधी, नेहरू असे करत करत वर्ष संपले आणि शेवटचा भाग घरी वाचून घ्या, असे सांगण्यात आले. आम्हाला ते फारसे अडले नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे इंग्रजी खंड काढायला सुरुवात केली होती. वस्तीतल्या महिला मंडळाने धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवरून एक खंड विकत आणला होता, तो विहारात कपाटात होता आणि त्याच्या पानांना कोणी हात लावलेला नव्हता. आम्ही डिक्शनरी घेऊन बसलो. एक पान समजायला एक संध्याकाळ जायची. ज्या घटना समितीच्या भाषणाचा वर उल्लेख केला, त्यात बाबासाहेब म्हणतात की भारताला संसदीय कामकाज माहीत नव्हते असे नाही, बौद्ध भिक्षुसंघात ते सगळे होते. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, मतमोजणी, चिठ्ठीने मतदान, सगळे. विहारात आम्ही वंदना म्हणत होतो, पण संघाची सभा शलाका वाटून मते घेत असे, शलाका म्हणजे लाकडाच्या काड्या, आणि त्या वाटण्यासाठी निःपक्षपाती भिक्षू नेमत असे, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. आजीला सांगितले तर म्हणाली, "म्हनजे तितंबी पेट्या होत्या."

याच भाषणात आणखी एक इशारा आहे. धर्मात भक्तीने मुक्ती मिळत असेल, पण राजकारणात भक्ती आणि व्यक्तिपूजा हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग आहे. हे आपल्या समाजात जयंतीच्या मंचावरून वाचून दाखवावे, असे आम्हाला फार वाटते. रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. त्याचे पुढे किती गट झाले ते मोजायला राज्यशास्त्राची पदवी लागत नाही. पण ते जाऊ द्या, तो वेगळा विषय आहे.

बाबासाहेब स्वतः १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. मुख्य विषय अर्थशास्त्र, पण जॉन ड्यूई या लोकशाहीच्या तत्त्वज्ञाच्या वर्गात बसून त्यांनी बरेच घेतले. राजकारण शिकून करायची गोष्ट आहे, असे त्यांना शेवटपर्यंत वाटत होते. १९५६ साली त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण शाळा काढली. त्या डिसेंबरात ते गेले आणि शाळाही लवकरच बंद पडली. ती चालली असती तर, असे म्हणण्यात अर्थ नाही, तरी मनात येते.

आमची परीक्षा संपली, दोघी पास झालो. बहिःशालवाल्या धाकटीला थोरलीपेक्षा जास्त गुण पडले, हे अजून आमच्यात चिडवण्याचे कारण आहे. पुढे लग्ने झाली. आजी १९९९ साली गेली, जिल्हा झाला त्याच वर्षी. पुस्तके पत्र्याच्या पेटीत गेली.

ती पुन्हा बाहेर निघाली २०१५ साली. धाकटीचा वॉर्ड अनुसूचित जाती महिलांसाठी राखीव झाला आणि ती ग्रामपंचायतीवर निवडून आली. पहिल्या वर्षी ती नुसती सही करायची. ग्रामसभेचे रजिस्टर शिपाई घरोघर फिरवायचा, बाया चुलीपाशी बसून सही करायच्या आणि सभा झाली असे लिहिले जायचे. एकदा तिने विचारले, गणपूर्ती झाली का? कायद्याप्रमाणे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जो आकडा कमी तेवढे हजर पाहिजेत. समोर बसले होते तीस-बत्तीस. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तहकूब करा, म्हणाली. तहकूब झाली. पुढच्या सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे काम अडले नाही, पण आमच्या वस्तीच्या नालीचा विषय त्या दिवशी कागदावरून गायब होणार होता, तो राहिला. नाली पुढे दोन वर्षांनी झाली. अर्धीच झाली, हेही सांगितले पाहिजे.

मुलीच्या बाबांना आम्ही हे सगळे तोंडी सांगितले, तर ते म्हणाले, नाली बांधायला ऑनर्स लागते काय? तेही खरेच.

मग मागच्या महिन्यात एक गोष्ट झाली. मुलीला आम्ही आजीची हकीकत लहानपणापासून सांगत आलो आहोत. तिने कॉलेजात प्रकल्पासाठी तोच विषय घेतला, १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक. आम्ही तीस वर्षे त्या निवडणुकीबद्दल बोलत होतो, पण ती पोटनिवडणूक मुळात का घ्यावी लागली, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. मुलीने विचारले. मोबाईलवर तिला सुप्रीम कोर्टाचा निकाल सापडला, १५ फेब्रुवारी १९५४ चा, चतुर्भुज जसाणी विरुद्ध मोरेश्वर परशराम. इंग्रजीत आहे. रात्री जेवताना ती एकेक वाक्य वाचून मराठीत सांगत होती.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडाऱ्याहून जे काँग्रेसचे उमेदवार खुल्या जागेवर निवडून आले होते, ते बिडीच्या धंद्यातल्या एका कंपनीचे भागीदार होते. त्या कंपनीचा केंद्र सरकारशी बिड्या पुरवण्याचा करार होता, सैनिकांच्या कँटीनसाठी. सरकारशी मालाचा करार असलेल्या माणसाला निवडून येता येत नाही, असा तेव्हाचा कायदा. म्हणून ते अपात्र ठरले. दुसरा मुद्दा राखीव जागेचा. एका महार उमेदवाराचा अर्ज नाकारला गेला होता, कारण तो महानुभाव पंथात गेला होता आणि पंथात गेल्यावर तो महार राहिला नाही, असे ठरवले गेले. कोर्टाने म्हटले, पंथ बदलला म्हणून जात सुटली असे आपोआप होत नाही. जुना समाज त्याला आपला मानतो का, त्याचा स्वतःचा हेतू काय, नव्या पंथाचे नियम काय, हे बघावे लागेल. अर्ज नाकारणे चुकीचे होते. सगळी निवडणूकच रद्द.

आम्ही दोघी जेवता जेवता थांबलो. दोन वर्षांनी आपल्या लोकांनी दीक्षा घेतली आणि केंद्राच्या सवलतींसाठी बौद्धांना १९९० पर्यंत थांबावे लागले. धर्म बदलला की आधीचा अन्याय पुसला जातो का, हाच तो वाद. आमच्या जिल्ह्यातून तो दिल्लीपर्यंत आधीच जाऊन आला होता, आणि आम्ही १९९० नंतर शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना त्याची आम्हाला गंधवार्ता नव्हती.

तिचे बाबा तोवर भिंतीकडे तोंड करून जेवत होते. त्यांच्या मायनेही जन्मभर बिड्याच वळल्या. ते वळून म्हणाले, "थांब. ती निवडणूक बिडीपायी झाली होती?"

"बिडीच्या करारापायी, बाबा. आणि अर्ज नाकारला त्यापायी."

"आणि आजी तेव्हा बिड्याच वळत होती."

"हो."

ते काही बोलले नाहीत. ताट घेऊन उठले, हात धुतले, बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मुलगी निकालाचे पुढचे पान वाचायला लागली. थोड्या वेळाने बाहेरूनच त्यांनी विचारले की नागपूरच्या मुलींच्या सरकारी वसतिगृहाचे फॉर्म कधी निघतात.

"अजून वेळ आहे, बाबा. आधी ७५ टक्के पडू द्या."

"ते पाड," ते म्हणाले. "फॉर्मचं मी विचारून ठेवतो."